मोतीबिंदूनंतरचा चष्मा: आधी टेप लावा, मग नंबर काढा

अंबाजोगाईत ३८ वर्षं शिलाईचं मशीन चालवतोय. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मुद्दाम पितृपक्षात करून घेतलं, कारण त्या पंधरवड्यात कुणी नवीन कापड शिवायला टाकत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली चतुर्थी-एकादशीसुद्धा दिसली. घरी येऊन सुई हातात घेतली, तर नेढंच गायब! शेजारचा पानवाला म्हणाला, "मामा, ऑपरेशन फसलं वाटतं तुमचं."

फसलं नव्हतं. आपल्या डोळ्यातलं जन्माचं भिंग तरुणपणी जवळ बघताना फुगतं, लांब बघताना चपटं होतं. मोतीबिंदू काढताना ते भिंग जातं आणि त्या जागी प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचं नवीन बसवतात. साधी लेन्स असेल तर ती एकाच अंतरावर साफ दाखवते, बहुतेक वेळा लांबचं. जवळच्याला चष्मा लागणारच. तो ठरलेलाच असतो, कुणाची चूक नसते. माझ्या आजीच्या वेळी डोळ्यात लेन्स बसवतच नव्हते. तिच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड होत्या, त्यामानानं आपलं बरं आहे.

आता मी काय चुकलो ते सांगतो. दसऱ्याची कामं डोक्यावर होती, म्हणून बाराव्या दिवशीच चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढला आणि चांगल्या फ्रेमचा पक्का चष्मा करून घेतला. तेव्हा सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागणारा, नंबर दीड निघाला. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं तर पाऊण! जखम भरेपर्यंत बुबुळाचा आकार थोडा बदलत राहतो, त्यामुळे नंबरही हलतो. काचांचे पैसे पाण्यात गेले. तुम्ही साधारण चार ते सहा आठवडे थांबा, थेंब ठरल्याप्रमाणे घाला, डॉक्टर हो म्हणाले की मगच पक्का चष्मा करा. तोवर पेपर वाचायला अडीच नंबरचा तयार चष्मा बाजारात मिळतो, तो डॉक्टरांना विचारून वापरता येतो. मात्र तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो आणि सिलिंडर नसतो, म्हणून तो कायमचा धरू नका.

मधल्या महिन्यात दुसरा त्रास झाला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू बाकी होता आणि त्याला मायनस चारचा नंबर होता. जुना चष्मा घातला की ऑपरेशनचा डोळा धूसर, काढला की डावा निकामी. उजवीकडे साधी काच बसवून घेतली, तर दोन डोळ्यांत वस्तू लहानमोठी दिसायला लागली आणि दुकानाच्या पायरीवरून पाय चुकला. एवढा फरक मेंदूला झेपत नाही. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी दुसरा डोळा लवकर धरला. तुमचं असं असेल तर पडण्याआधी सांगा.

खरी गोष्ट पुढं. नंबर काढताना तुमच्या हातात एक कार्ड देतात आणि विचारतात, "वाचता येतंय का?" आपण हो म्हणतो आणि चष्मा वाचायचा बनतो. पण माझं काम वाचायचं नाही. म्हणून डाव्या डोळ्यानंतर मी घरून टेप घेऊन गेलो. त्याआधी मुलाला बसवून मापं घेतली. मी नेहमीसारखा वाकून बसलो आणि त्यानं नाकाच्या बाजूनं, डोळ्यापासून कामापर्यंत टेप धरला. हातात सुई धरतो ते १३ इंच. मशीनच्या सुईपर्यंत १८. कटिंगच्या टेबलावर खडूची रेघ मारतो ते २६.

चष्मा तपासणाऱ्या पोरीनं कागदावर मला हिशोब दाखवला: ४० ला इंचांनी भागा. लांबचं विनाचष्म्याचं साफ दिसत असेल तर जवळच्याला लागणारा नंबर साधारण तेवढाच येतो. १३ इंचाला तीन, १६ इंचाला अडीच, २० ला दोन, २६ ला दीड. लांबचाही नंबर असेल तर तो यात मिळवायचा, मायनस असेल तर वजा करायचा. हा हिशोब नुसता अंदाजासाठी, शेवटी फ्रेममध्ये काचा घालून प्रत्यक्ष बघायचंच. मी खिशातून काळ्या कापडाचा तुकडा आणि काळा दोरा काढला. ती हसली, पण तेच खरं कार्ड.

तुम्ही शिंपी नसाल तरी माप घ्या. ज्ञानेश्वरी मांडीवर घेऊन वाचता की स्टँडवर, सुपातली ज्वारी किती लांब असते, गल्ल्यावरचं वहीचं पान, मोबाइल, सगळ्यांची अंतरं वेगळी असतात.

बायफोकल, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा, करायचा असेल तर खालच्या तुकड्याची वरची रेघ तुमच्या खालच्या पापणीच्या कडेला आली पाहिजे. फ्रेम घालून, ताठ उभं राहून, दुकानदाराला पेनानं खूण करायला लावा. माझ्या पहिल्या चष्म्यात ती रेघ जवळजवळ बाहुलीवर आली होती, रस्त्यात समोरचा माणूस कमरेपासून कापल्यासारखा दिसायचा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे रेघ नसलेले आणि वरून खाली नंबर हळूहळू बदलणारे, चांगले असतात म्हणतात, पण त्यात मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते आणि मला अख्खं टेबल दिसायला पाहिजे. म्हणून मी दोन वेगळे ठेवले: सुई-मशीनला अडीचचा, कटिंगला दीडचा. सुईसाठी मान थोडी मागं-पुढं करावी लागते, चालतं.

चष्मा ताब्यात घेताना दुकानातच एक तपासा. काच डोळ्यापासून हातभर लांब धरून तिच्यातून दाराची उभी चौकट बघा आणि काच हळूहळू फिरवा. चौकट तिरपी होत असेल तर काचेत सिलिंडर आहे. कागदावर सिलिंडर लिहिलाय आणि चौकट हलतच नाही, तर काच परत करा. तो किती आणि कोणत्या कोनात बसवलाय ते मात्र दुकानातल्या मशीनवरच कळतं, ते समोर तपासून मागा.

रंगाचंही सांगतो. आधी पांढऱ्या शर्टाला मी क्रीम दोरा लावत होतो आणि गिऱ्हाईक बोललं तर वाद घालत होतो. ऑपरेशननंतर जुने शर्ट बघितले, गिऱ्हाईकच बरोबर होतं. मोतीबिंदू सगळ्यावर पिवळी झाक टाकतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसायला लागलं तर लगेच नवीन नंबर काढत बसू नका. लेन्समागची पातळ पिशवी दाटलेली असू शकते, ती लेझरनं काही मिनिटांत मोकळी करतात. आणि डोळा लाल होऊन ठणकला, नजर एकदम कमी झाली, चमका, काळे ठिपके किंवा बाजूनं पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, चष्म्याचं दुकान नव्हे.

माझा दीडचा चष्मा टेबलाच्या खिळ्याला दोरीनं बांधलेला असतो, नाहीतर मी तोच घालून सुई ओवायला बसतो आणि पानवाल्याला पुन्हा बोलायला जागा मिळते.