अनेक वर्षे उभा असलेला जुना व्हील लोडर पुन्हा सुरू करण्यापूर्वी

खडीच्या खाणींत, साखर कारखान्यांच्या बगॅस यार्डात आणि धरणांच्या जुन्या वसाहतींच्या कडेला अजूनही एखादा जुना व्हील लोडर, म्हणजे पुढच्या बकेटने माती-खडी उचलून भरणारे चाकांचे यंत्र, बकेट टेकवून उभा असलेला दिसतो. जायकवाडीसारखे सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण ज्या काळात उभे राहिले, त्या काळातील बहुतेक यंत्रे भंगारात गेली, आणि म्हणूनच उरलेले प्रत्येक यंत्र जपण्याजोगे आहे. मात्र असे यंत्र वर्षानुवर्षे उभे राहून जितके बिघडत नाही, तितके ते घाईने सुरू करण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात बिघडते, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना ही घाई टाळण्यासाठी आहेत.

प्रथम यंत्राची ओळख पटवावी. चासीवरील आणि इंजिनावरील नंबर प्लेट तारेच्या ब्रशने घासू नये. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने हळूहळू पुसून तिचे छायाचित्र घ्यावे, कारण पार्ट बुक, सीलकिट आणि फिल्टर यांचा शोध त्या आकड्यांपासूनच सुरू होतो. त्यानंतर यंत्र वळते कसे, हे पाहावे. अमेरिकेतील लिबर्टीव्हिल येथील हफ कंपनीने 1947 मध्ये चारही चाकांना गती देणारा हायड्रॉलिक लोडर बाजारात आणला. 1959 मध्ये कॅटरपिलर या अमेरिकी कंपनीचा 944 हा लोडर आला, आणि या पिढीतील यंत्रांची चासी एकसंध असून ती मागच्या चाकांनी वळत असत. मधोमध दुमडणारी चासी कॅटरपिलरने 1963 च्या 988 या लोडरपासून स्वीकारली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सच्या माती हलवणाऱ्या यंत्रांच्या विभागाचे लोडर बरेच वापरात होते आणि तो विभाग पुढे कॅटरपिलरकडे गेला, ही माहिती सुटे भाग शोधताना उपयोगी पडते. चासी दुमडणारी असेल, तर दोन भागांमधील लॉक अडकवल्याशिवाय कोणीही मधल्या जागेत उभे राहू नये.

हात लावण्यापूर्वीची तयारी थोडक्यात अशी: बकेट जमिनीवर असावी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, हायड्रॉलिकचे सर्व लिव्हर पुढे-मागे हलवून दाब सोडावा आणि लिफ्ट आर्म वर अडकलेले असतील, तर त्यांना भक्कम आधार दिल्याशिवाय त्यांच्याखाली जाऊ नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यामुळे ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या कापडाने टिपावी. टायरांच्या बाबतीत तर कसलीच सवलत घेऊ नये. या यंत्रांच्या रिमला बहुधा वेगळी लॉक रिंग असते आणि गंजलेली रिंग हवा भरताना सुटली, तर प्राण जाऊ शकतो. रिम उघडण्याचे आणि हवा भरण्याचे काम सुरक्षा पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच द्यावे.

आता इंजिनाकडे यावे. एअर क्लीनर उघडून पाहावा. जुन्या यंत्रांत तो तेलाचा असतो, तळाशी चिखल साचलेला असतो आणि नळीत उंदरांची घरटी सापडतात. सायलेन्सरचे तोंड उघडे राहिले असेल, तर पावसाचे पाणी थेट सिलिंडरपर्यंत गेलेले असू शकते. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचा, नट प्रथम किंचितच सैल करावा. तेलापेक्षा जड असल्यामुळे पाणी आधी बाहेर येते. तेल दुधाळ दिसले, तर पाणी कुठून आले याचा शोध लागेपर्यंत पुढे जाऊ नये.

यानंतर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडावे आणि किमान एक रात्र थांबावे. दुसऱ्या दिवशी, नोझल बाहेरच ठेवून, पुढच्या पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. ते अडले, तर उलट दिशेला थोडे नेऊन पुन्हा पुढे आणावे, आणखी तेल सोडावे, आणखी दिवस थांबावे. सेल्फ मारून अडकलेले इंजिन सोडवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा: सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या मॉडेलचे रॉड आज सहज मिळत नाहीत, त्याच्या बाबतीत हे नुकसान कायमचे ठरू शकते.

डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, कारण तळाच्या पाण्यावर वाढलेला काळा गाळ नवे फिल्टर लगेच बंद करतो. नवे डिझेल भरल्यावर आधी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंपाने एअर काढावी, नंतर डिझेल पंपाची आणि शेवटी नोझलच्या नटांची. याच वेळी पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, मोकळा हलतो का, हे तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो पूर्ण डिझेलच्या स्थितीत चिकटलेला असेल, तर इंजिन सुरू होताच त्याचा वेग अनावर होतो आणि ते बंद करण्याची खटकी निरुपयोगी ठरते. म्हणून पहिल्या वेळी एअर क्लीनरची नळी काढून ठेवावी आणि हवेचे तोंड बंद करण्यासाठी सपाट फळी घेऊन एक जाणता माणूस तेथे उभा करावा. तोंडावर हात किंवा कापड कधीही धरू नये.

नवे तेल, नवा फिल्टर, रेडिएटरमध्ये पाणी आणि चांगली बॅटरी एवढे झाल्यावर, स्टॉपची खटकी ओढलेली ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत इंजिन सेल्फवर थोडे थोडे फिरवावे. मगच खटकी सोडावी. इंजिन सुरू झाल्यावर प्रेशर लगेच चढले नाही, तर ते तत्काळ बंद करावे. गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलाची पातळी बहुतेक यंत्रांत इंजिन चालू असतानाच पाहायची असते. होजमधील गळती शोधताना पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि तसे झाल्यास वेदना नसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. ब्रेक धरतात याची जागेवर खात्री होईपर्यंत यंत्र हलवू नये. ते ओढून न्यायचेच असेल, तर गिअरबॉक्सपासून चाकांकडे गती नेणारे प्रोपेलर शाफ्ट काढावेत, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल पोहोचत नाही.

रंगाची घाई करू नये. पिवळ्या रंगाच्याही पिढ्या आहेत: कॅटरपिलरने 1931 च्या अखेरीस करडा रंग सोडून हायवे यलो स्वीकारला आणि 1979 मध्ये त्याची जागा वेगळ्या छटेने घेतली. प्लेटखालचा किंवा सीटखालचा मूळ रंग पाहून मगच छटा ठरवावी, आणि मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर तो तसाच ठेवावा. यासोबत ते यंत्र चालवलेला ऑपरेटर किंवा फिटर हयात असेल, तर त्याला सन्मानाने बोलावून घ्यावे. कोणता लिव्हर कसा अडतो, कोणती होज वारंवार फुटत असे, मूळचा कोणता भाग कधी बदलला, हे कोणत्याही पुस्तकात नसते. त्यांचे सांगणे ध्वनिमुद्रित करून यंत्राच्या कागदपत्रांसोबत जपावे.

पुढे दर महिन्याला यंत्र चालवावे, पण पाच मिनिटे नव्हे, तर इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. अर्धवट चालवल्याने चेंबरमध्ये बाष्प साचते. चालवताना स्टिअरिंग आणि आर्म पूर्ण फिरवावेत, सर्व पिन-बुशना जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस द्यावे, बकेट लाकडी स्लीपरवर टेकवावी, बाहेर राहणाऱ्या सिलिंडर रॉडवर ग्रीसचा हात फिरवावा आणि सायलेन्सर थंड झाल्यावर त्यावर टोपण घालावे.