अखाजीच्या आधी: अहिराणी गाणी-गोष्टी डाउनलोडवर विकायची तयारी

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले जातील तेव्हा गाणी लोकांच्या फोनमध्ये पोचलेली हवी असतील, तर रेकॉर्डिंग पौष-माघातच उरका. माइक चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, आणि जळगावच्या चैत्रात दारं-खिडक्या लावून बिनपंख्याचं कोण गाणार?

माइकच्याही आधी कागद. लोकगीत सगळ्यांचं असतं, पण गाणाऱ्या जिजीचं, म्हणजे आजीचं, गायन तिचंच; कायद्याने कलाकाराचा हा हक्क ५० वर्षं राहतो. घरचीच आहे म्हणून सोडून देऊ नका. कोणती गाणी, किती मानधन, डाउनलोड म्हणून विकायला परवानगी, एवढं अर्ध्या पानावर लिहा, तिला वाचून दाखवा, सही घ्या आणि पैसे त्याच दिवशी हातात द्या. कवितांचा हिशेब वेगळा. कवी गेल्यावर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात, म्हणून बालकवी (१९१८) आणि साने गुरुजी (१९५०) यांची चिंता नाही. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं; मरणोत्तर छापलेल्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तीही २०१२ अखेर संपली. चालीचं मात्र तसं नाही. रेडिओवर ऐकलेली चाल उचललीत तर संगीतकाराची परवानगी लागेल. जिजीला जात्यावरची चाल येत असेल तर तीच घ्या, ती ऐकायलाही बरी.

खोली निवडायला एक दिवस द्या. धान्याची पोती ठेवलेली खोली सगळ्यात चांगली, पोती आवाज पितात. नसेल तर दोन भिंतींवर गोधड्या टांगून टाळी वाजवा. घुमली तर आणखी एक गोधडी. फ्रिज बंद. माझ्या पहिल्या खेपेला ४० मिनिटांच्या गोष्टीखाली फ्रिजची घरघर आली. फोनच्या स्पीकरवर ती ऐकूच आली नाही, हेडफोन लावला तेव्हा पोटात गोळा आला. फिल्टर मारून पाहिला, तर जिजी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटायला लागली. सगळं पुन्हा केलं. आता फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली आतच ठेवतो. निघताना किल्ली शोधत फ्रिजपाशी यावंच लागतं, मग तो चालूही होतो.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवा. भाऊ, भाकर, भरीत करता करता ‘भ’ची फुंकर थेट आत गेली की फट्‌ असा आवाज येतो. रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, जोडकामात लागतो. आणि जिजीला माइककडे बघून सांगायला लावू नका. समोर नातू बसवा. त्याचा ‘हूं’ मी कापत नाही.

मूळ रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये, दोन ठिकाणी जपून ठेवा. विकायला एमपी३. गोष्टीला ६४ केबीपीएस मोनो पुरतं, १० मिनिटांचे जेमतेम ५ एमबी होतात; गाण्याला १२८ घ्या, मिनिटाला सुमारे १ एमबी. फाइलींना नावं रोमन लिपीत द्या, आधी ०१, ०२ असा आकडा टाका. गाडीतल्या जुन्या डेकवर देवनागरीचे चौकोन होतात आणि १ नंतर १० वाजतं. झिप करू नका. सुरतेच्या एका गिऱ्हाइकाचा रात्री दहाला फोन आला, “भाऊ, हाई उघडत नही!” तेव्हापासून सुट्या फाइलीच देतो, आणि नमुना म्हणून एका गोष्टीची पहिली दोन मिनिटं फुकट. विक्री सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर पैसे भरण्यापासून फाइल वाजेपर्यंत एकदा स्वतः करून बघा. पैसे आले की लिंक आपोआप जाईल अशी सोय हवी, नाहीतर जेवताना ताटावरून उठून फाइली पाठवत बसाल.

कराचं थोडक्यात: डाउनलोड ही सेवा धरली जाते, आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण त्याच गोष्टी पेन ड्राइव्हवर भरून दिल्या की तो माल झाला, आणि परराज्यात माल विकायचा तर रक्कम कितीही छोटी असो, नोंदणी लागते. सुरतेहून पेन ड्राइव्हची मागणी येणारच. आधी सीएला विचारा, तोवर लिंक पाठवा.