छोट्या अ‍ॅडव्हेंचर गाडीची टेस्ट राईड: या चुका टाळा

साताऱ्यात अ‍ॅडव्हेंचर गाडी, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी उंच मोटरसायकल, बघायला गेलात की सेल्समन चावी हातात देतो आणि म्हणतो, "सर, हायवेला एक चक्कर मारून या." इथंच पहिली चूक होते. हायवेला कुठलीही नवी गाडी छानच पळते. ही गाडी आवडेल की नाही ते कळतं चढावर, थांबलेली असताना आणि मागं कुणी बसलेलं असताना. त्या दहा मिनिटांच्या चकरेत यातलं काहीच होत नाही.

माझंच सांगतो. मी पायात चप्पल घालून गेलो होतो. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाटाला लागलो, दोन वळणं चढलो आणि परत फिरायचं ठरवलं. रस्त्याच्या मधोमध गाडी आडवी घेतली, डावा पाय खाली टाकला, तर तिकडं उतार. सपाटीवर टेकत होता तो पाय चार बोटं अधांतरी राहिला. गाडी सावकाश, अगदी आदबीनं आडवी झाली. क्लचचा लिव्हर वाकला आणि त्याचे पैसे भरले मी, कारण निघताना सही केलेला कागद मी वाचलाच नव्हता. तेव्हा बूट घाला, स्वतःचं हेल्मेट न्या, गिअरच्या गाडीचं लायसन्स खिशात ठेवा आणि गाडी पडली तर खर्च कुणाचा, हे चावी घेण्याआधी विचारा. डेमो गाडीवर आधीपासून ओरखडे असतील तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

उंचीचा प्रश्न बहुतेक जण शोरूमच्या फरशीवरच सोडवून टाकतात. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर असते, हिरोच्या एक्सपल्स २०० फोर व्ही या अ‍ॅडव्हेंचर गाडीची ८२५ वर, सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ वर. चारपाच सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, उतारावर तोच फरक गाडी पाडतो. पण नुसत्या आकड्याला घाबरून गाडी सोडून देणं हीसुद्धा चूकच. या गाड्यांचे शॉकप मऊ आणि लांब असतात, माणूस बसला की सीट बरीच खाली दबते. शिवाय दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत असं काही नाही. एक पाय नीट टेकला आणि दुसरा ब्रेकवर राहिला, तरी चालतं. खरी परीक्षा वेगळी आहे. इंजिन बंद करा, गाडी थोड्या उतारावर तोंड खाली करून लावा आणि पायानं मागं ढकलून बघा. एक्सपल्स साधारण १६० किलोची, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० जवळजवळ २०० किलोची. मंगळवार पेठेतल्या बोळातून रोज सकाळी गाडी मागं काढायची असेल, तर मायलेजच्या आधी हे बघा.

मग मागं कुणाला तरी बसवा. एकट्यानं घेतलेली टेस्ट राईड आपल्याकडं अर्धीच धरावी, कारण गाडीवर एकटं फिरतंय कोण? दोघं बसून घाट चढा, तिसऱ्या गिअरमध्ये वेग तीसच्या आसपास आणा आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळा. गाडी धक्के खात असेल तर लगेच "पिकअप नाही" म्हणू नका. छोट्या इंजिनाला आरपीएम, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे, लागतात, एक गिअर उतरवून पुन्हा बघा. दुसऱ्यावरही रडत असेल तर मात्र तुमच्या कामाला ती कमी पडतेय. घरी आईला साडीत एका बाजूला बसायची सवय असेल, तर साडीगार्ड आणि पाय ठेवायची पट्टी बसते का, ते आधीच विचारा.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण बिघाड नसतात. पुढचा ब्रेक दाबला की तोंड खाली जातं, ते लांब शॉकपमुळं. डांबरी रस्त्यावर टायर घूं घूं करतात, ते ठोकळ्यांच्या नक्षीमुळं. पुढचं चाक २१ इंची असेल तर गाडी वळायला जरा आळशी वाटते, पण खड्ड्यात तेच चाक कामाला येतं. खडीवर मागचं चाक ब्रेकला घसरलं, तर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, ते विचारा.

बिघाड असू शकतो तो इथं: हँडल थरथरणं किंवा गाडी एका बाजूला ओढणं. पण आधी टायरची हवा मोजायला लावा, डेमो गाडीची हवा कुणी बघत नाही. चेनजवळच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर आकडा असतो, तेवढी भरून पुन्हा चालवा. तरीही थरथर राहिली तर स्पोक ढिले आहेत का, चाक वाकलंय का, हँडलच्या बेअरिंगमध्ये खुळखुळ आहे का, ते मेकॅनिकला बघायला सांगा. चेन ढिली असली की गिअर बदलताना झटके बसतात. तेवढ्यावरून मॉडेलला नावं ठेवू नका, दुसरी डेमो गाडी मागा.

घाट उतरून आलात की लगेच चावी परत देऊ नका. संध्याकाळच्या गर्दीत राजवाडा ते मोती चौक पहिल्या गिअरवर रांगत जा. इंजिनाची धग मांडीला किती लागते, डावा हात क्लच धरून किती दुखतो, हँडल किती वळतं, हे सगळं त्या एवढ्याशा अंतरात कळतं. तापलेली गाडी बंद करून पुन्हा चालू करायलाही विसरू नका.

पंक्चरचा विचार टेस्ट राईडला कुणाच्या डोक्यातच येत नाही. स्पोकची, म्हणजे तारांची चाकं म्हणजे बहुधा ट्यूब, आणि ट्यूब म्हणजे चाक खोलणं आलं. कासच्या पुढं बामणोलीच्या वाटेवर पंक्चर झालं, तर सोबत पाने आणि पंप नसल्यास गाडी ढकलत बसावं लागतं. अलॉयची, म्हणजे तारा नसलेली ओतीव धातूची ट्यूबलेस चाकं तिथं सोयीची. मात्र दगडावर जोरात आपटून अलॉय तडकलं, तर ते स्पोकच्या रिमसारखं ठोकून सरळ होत नाही.

मी शेवटी तिसऱ्या टेस्ट राईडनंतर गाडी घेतली. त्या राईडला आईला सोबत नेलं होतं. उतरताना ती एवढंच म्हणाली, "स्टूल लागेल." आता अंगणात, गाडीच्या डाव्या बाजूला, एक लाकडी पाट दोन विटांवर कायमचा मांडलेला असतो.