जुन्या खिडकीच्या झडपेचा आरसा

बेळगाव-खानापूर भागात जुनं घर पाडलं की सागवानी खिडक्यांच्या झडपा सर्रास जळणात जातात. फार वाईट वाटतं, कारण काचेच्या झडपेत आरसा सुरेख बसतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. मास्क लावून 120 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा सँडपेपर) ओला करून घासा आणि दोन दिवस सावलीत वाळवा.

काच बसते ती खाच मोजून 4 मिमी जाडीचा आरसा चारही बाजूंनी 2 मिमी कमी कापून घ्या. अगदी घट्ट बसवलात तर पावसाळ्या-उन्हाळ्यात लाकूड फुगतं-आकसतं आणि आरसा तडकतो. आरसा चिकटवायला आंबट वासाचं सिलिकॉन नको, त्याने आरशाच्या पाठीचा मुलामा काळा पडतो, न्यूट्रल सिलिकॉन मागा. टांगायला खिळा पुरत नाही, भिंतीत भोकं पाडून 8 मिमीचे प्लास्टिकचे प्लग ठोका आणि त्यांत दोन स्क्रू मारा.