क्लोज झालं, पण फाईल अर्धीच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात माझा स्टॉकचा प्रोग्राम चालतो. महिनाअखेरीला फाईल अर्धीच निघाली, एररही दिसली नाही. दोन रात्री शोधलं.

फाईल एनएफएस सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक डिस्कवर होती. राइट (लिहिण्याची आज्ञा) यशस्वी झालं तरी मजकूर बहुधा कर्नलच्या पेज कॅशपर्यंतच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यापर्यंतच पोचलेला असतो. कोटा (ठरवून दिलेली डिस्कची जागा) संपल्याची एरर क्लोज, म्हणजे फाईल बंद करताना आली होती, आणि क्लोजचं उत्तर मी तपासतच नव्हतो!

आता तात्पुरत्या फाईलमध्ये लिहितो, एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायची आज्ञा), मग क्लोज, दोन्हींची उत्तरं तपासून मगच रीनेम करून जुन्या फाईलच्या जागी ठेवतो. क्लोज फसलं तर तेच पुन्हा करू नका; लिनक्समध्ये डिस्क्रिप्टर (उघड्या फाईलचा क्रमांक) तोवर मोकळा झालेला असतो, तोच क्रमांक दुसऱ्या थ्रेडला (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाला) मिळाला असेल तर त्याचीच फाईल बंद व्हायची.

परवा मुद्दाम कोटा भरून पाहिला. जुनी फाईल शाबूत राहिली.