अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनर : भूमिका ओळखून सक्षमता कशी घडवावी

अतिदक्षता विभागात काही वर्षे काम केलेल्या परिचारिकेला रुग्ण बिघडू लागला आहे हे पुष्कळदा मॉनिटरचा अलार्म वाजण्यापूर्वीच जाणवते. तिची ही जाणीव खरी असते आणि मोलाचीही असते. परंतु बिघाड कशामुळे होतो आहे, तो ओळखण्यासाठी काय तपासावे आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत काय सुरू करावे, हे ठरवण्याचे शिक्षण तिला पदवी अभ्यासक्रमात फारसे मिळालेले नसते. नर्स प्रॅक्टिशनरची भूमिका नेमकी येथून सुरू होते. या मार्गाचा विचार करणाऱ्या परिचारिकांनी आणि परिचारकांनी तयारी कशी करावी, हे येथे मांडले आहे.

या भूमिकेचा आरंभ १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात झाला. डॉक्टरांची उणीव असलेल्या भागांतील मुलांना आरोग्यसेवा मिळावी म्हणून परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी तेथे पहिला प्रशिक्षणक्रम उभा केला. भारतात भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता शुश्रूषेसाठी दोन वर्षांचा पूर्णवेळ निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला असून त्याचा बहुतांश काळ वर्गात नव्हे, तर रुग्णाच्या खाटेजवळ जातो. प्रवेशासाठी नर्सिंगची पदवी, राज्य परिचर्या परिषदेकडील नोंदणी आणि किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो. हा अनुभव अतिदक्षता विभागातील असल्यास उत्तम. महाराष्ट्रातील उमेदवारांनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी अद्ययावत आहे याची आधी खात्री करावी आणि ज्या महाविद्यालयात अर्ज करायचा आहे, त्याच्याकडे या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे कागदपत्रे पाहूनच ठरवावे.

पहिले पाऊल म्हणजे अधिकाराची सीमा समजून घेणे. भारतातील नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्र दवाखाना चालवत नाही. परिषदेच्या चौकटीनुसार ती संस्थेच्या लेखी प्रोटोकॉलच्या व स्थायी आदेशांच्या (ठरावीक परिस्थितीत काय करावे याच्या आधीच दिलेल्या लेखी सूचनांच्या) आधारे एक्स-रे, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या यांसारख्या चाचण्या आणि ऑक्सिजनसारखे उपचार सुचवू शकते. आणीबाणीत औषध द्यायचे झाल्यास ती संबंधित डॉक्टरांशी बोलून देते आणि नंतर त्या आदेशाची लेखी पुष्टी घेते. ही चौकट अनेकांना अपुरी वाटते आणि त्यात तथ्य आहे. तरीही चौकटीत राहून घेतलेला योग्य निर्णय रुग्णाचा जीव वाचवू शकतो, म्हणून ती काटेकोरपणे जाणून घेणे हा सक्षमतेचाच भाग मानावा.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो तपासणी आणि कारणमीमांसेला. एक उदाहरण घेऊ. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी ५५ वर्षांच्या गृहस्थांची नाडी ९६ वरून १२४ वर गेली आहे, श्वासाचा वेग मिनिटाला २८ आहे, सरासरी रक्तदाब ५८ पर्यंत घसरला आहे आणि ६० किलो वजनाच्या या रुग्णाला गेले दोन तास प्रत्येक तासाला जेमतेम २० मिली लघवी झाली आहे. तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ३० मिली, ही किमान अपेक्षा धरली तर मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचत असावे, अशी शंका घ्यावी लागते. नोंद करून डॉक्टरांना कळवणे हे प्रत्येक परिचारिकेचे काम आहे. नर्स प्रॅक्टिशनरने त्यापुढे जाऊन स्वतःला विचारायचे असते की हे कशामुळे असू शकेल. रक्तस्राव असेल तर ड्रेनमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागेतून द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत, रक्त दिसू शकते, हातपाय गार पडतात, पुढे हिमोग्लोबिन घसरते. मात्र ड्रेन कोरडा असला म्हणून आत रक्तस्राव नाही असे मानू नये. आतड्याच्या जोडातून गळती होऊन जंतुसंसर्ग शरीरभर पसरत असेल (सेप्सिस), तर ताप, ताठ व दुखरे पोट आणि वाढते लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्यास रक्तात वाढणारे द्रव्य) अशी चिन्हे जमू लागतात. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ऑक्सिजनची पातळी बहुधा एकाएकी खाली येते, कधी एका पायाला सूजही असते. हृदयाचा दोष असेल तर ईसीजीतील बदल आणि छातीतील घरघर शोधावी लागते. या चार शक्यता मनात ठेवून पोट, पाय, ड्रेन, छाती आणि त्वचा पाहणारी नजर ज्या परिचारिकेने कमावली, तिची तपासणी हेतुपूर्ण होते. रोजच्या ड्यूटीत एका रुग्णापुरती का होईना, अशी शक्यतांची मांडणी लिहून काढावी आणि राउंडमध्ये डॉक्टरांनी काढलेल्या निष्कर्षाशी ताडून पाहावी. यासाठी अभ्यासक्रम सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

निदानाची दिशा ठरली की ती थोडक्यात आणि अचूक सांगता आली पाहिजे. परिस्थिती, पूर्वपीठिका, मूल्यमापन आणि मागणी या क्रमाने बोलण्याची सवय लावावी. वरील रुग्णाबाबत फोनवर असे सांगता येईल : “मॅडम, चार नंबर बेडच्या पेशंटबद्दल बोलते आहे. सरासरी रक्तदाब ५८ आहे, नाडी १२४ आहे आणि दोन तासांपासून लघवी कमी आहे. आतड्याच्या ऑपरेशनचा आज चौथा दिवस आहे, काल रात्रीपासून ताप आहे आणि पोट ताठ लागते आहे. मला गळतीमुळे सेप्सिस झाल्याची शंका येते. लॅक्टेट आणि ब्लड कल्चर पाठवते आहे, प्रोटोकॉलप्रमाणे फ्लुइड सुरू करते. अँटिबायोटिक कोणते द्यायचे ते सांगा, आणि आपण लगेच येऊन पाहावे.” शेवटचे वाक्य न कचरता म्हणता येणे फार महत्त्वाचे आहे, कारण ज्येष्ठांपुढे मत मांडण्याचा संकोच आपल्याकडील वॉर्डांमध्ये खोलवर रुजलेला आहे आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. सेप्टिक शॉकची, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या खालावल्याची, दाट शंका असताना अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात सुरू व्हावे, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. त्या तासातली दहा मिनिटे संकोचात जाऊ देणे परवडणारे नाही.

व्हेंटिलेटरच्या बाबतीत आकडे पाठ असण्यापेक्षा ते कोठून येतात हे समजणे आवश्यक आहे. एआरडीएसच्या, म्हणजे फुफ्फुसांना तीव्र सूज येऊन ऑक्सिजन कमी पडू लागलेल्या, रुग्णाला द्यायच्या श्वासाचे आकारमान प्रत्यक्ष वजनावर नव्हे, तर उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावर ठरते, कारण वजन वाढले म्हणून फुफ्फुसे मोठी होत नाहीत. स्त्रियांसाठी सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करून उरलेल्या संख्येला ०.९१ ने गुणावे आणि त्यात ४५.५ मिळवावेत, पुरुषांसाठी ४५.५ ऐवजी ५० धरावेत. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन सुमारे ५२.४ किलो येते आणि किलोमागे ६ मिलीप्रमाणे एक श्वास सुमारे ३१५ मिलीचा होतो. तिचे प्रत्यक्ष वजन ८० किलो असल्यास आणि त्यावरून हिशेब केल्यास ४८० मिलीचा श्वास दिला जाईल, जो आधीच आजारी असलेल्या फुफ्फुसांना आणखी इजा करू शकतो. प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावर मोजला जाणारा दाब, ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापुढे जाऊ नये, हेही सोबत पाहावे. दाखल झालेल्या रुग्णाची उंची टेपने मोजून फाइलवर लिहिण्याची पद्धत आपल्या विभागात नसेल, तर ती सुरू करण्यासाठी इन्चार्ज सिस्टरांशी बोलावे. विभागात सुधारणा घडवून आणणे ही या भूमिकेची वेगळी सक्षमता मानली जाते आणि ती अशाच लहान कामांतून येते.

औषधशास्त्र, रक्तवायू चाचणीचे वाचन, गुंगीची पातळी व संभ्रमावस्था मोजण्याच्या पद्धती आणि संशोधनपर लेख वाचून त्याची विश्वासार्हता तपासणे, हे सारे अभ्यासक्रमात क्रमाने येते. नातेवाइकांशी बोलणे मात्र पुस्तकातून येत नाही. उपचार मर्यादित करण्याचा विषय निघतो तेव्हा ज्येष्ठ डॉक्टर कुटुंबाशी कसे बोलतात हे शेजारी उभे राहून ऐकावे आणि नंतर कुटुंबाला काय समजले, हे त्यांनाच हळुवारपणे विचारावे.

प्रशिक्षणाच्या काळात लॉगबुक ही केवळ सह्या मिळवण्याची वही ठरू देऊ नये. प्रत्येक प्रक्रियेपुढे ती का केली, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, याच्या दोन ओळी लिहाव्यात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर राज्य परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करून घ्यावी. नोकरी स्वीकारण्यापूर्वी रुग्णालयाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : पदाचे नाव व कामाचे स्वरूप, लागू असणारे स्थायी आदेश, आणि रात्रीच्या ड्यूटीत कोणत्या डॉक्टरांना उत्तर द्यायचे याची स्पष्ट साखळी. नर्स प्रॅक्टिशनर म्हणून नेमून नेहमीच्या स्टाफ नर्सचीच खाटांची वाटणी दिली जाण्याची शक्यता या कागदांमुळे बरीच कमी होते, आणि प्रोटोकॉलप्रमाणे घेतलेल्या निर्णयावर पुढे प्रश्न उभा राहिला, तर हेच कागद तिच्या बाजूने उभे राहतात.