चिऱ्याच्या जुन्या घराची कमी खर्चातील डागडुजी

गोव्यातील चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घराचे रूप पालटायचे असेल, तर रंग निवडण्याआधी ओलीचा बंदोबस्त करावा. पावसाळा सरल्यावर फुटकी मंगळुरी कौले बदलावीत आणि भिंती पूर्ण सुकू द्याव्यात. चिरा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतील ओल भिंतीत वर चढते; भिंतीवर प्लास्टिक पेंट दिल्यास ती ओल आत कोंडते आणि रंगाचे पोपडे सुटू लागतात. अशा भिंतीला चुनाच मानवतो, शिवाय तो स्वस्तही पडतो.

विरवलेला (पाणी घालून शमवलेला) चुना गाळून दुधाइतका पातळ करावा, त्यात थोडा सरस (चिकटपणासाठीचा डिंकासारखा पदार्थ) मिसळावा, जुना रंग तारेच्या ब्रशने खरवडून भिंत पाण्याने भिजवावी आणि दोन-तीन पातळ हात द्यावेत. ओला हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, म्हणून घाईने जाड थर चढवू नये. सुकताना तो आपोआप पांढरा होतो. फिकट पिवळी छटा हवी असल्यास पिवडी (पिवळ्या मातीची पूड) घालावी. चुना डोळ्यांना घातक असल्याने चष्मा आणि हातमोजे वापरावेत.

तांबड्या कोब्याची (तांबडा रंग मिसळलेल्या सिमेंटची गुळगुळीत) जमीन फोडून टाइल्स बसवण्याचा खर्च बहुधा अनाठायीच ठरतो. ती सौम्य साबणाने धुऊन सुकवावी, खोबरेल तेलाचा अगदी हलका हात फिरवावा आणि निसरडे राहू नये म्हणून कोरड्या फडक्याने घासून पुसावी.